गाणं सुटलं, गायक अडकला: सिमों बिकिंडी खटला

जून १९९४ चा शेवट. रवांडाच्या वायव्येला, गिसेन्यी प्रांतात, किवुमुहून कायोवेकडे जाणारा रस्ता. सत्ताधारी पक्षाच्या इंतेराहाम्वे या तरुण टोळ्यांचा ताफा त्या रस्त्याने चालला होता. एका गाडीवर भोंगे बसवलेले आणि त्यांवर गाणी लावलेली. त्यातली काही ज्याची होती, तो गायकही ताफ्यात होता. जाताना त्याने भोंग्यावरून सांगितलं की बहुसंख्य हुतूंनी उठावं आणि अल्पसंख्य तुत्सींना संपवावं. परतताना त्याच रस्त्यावर त्याने लोकांना विचारलं, मारताय ना? तुत्सींसाठी त्याने वापरलेला शब्द होता 'साप'.

त्या गायकाचं नाव सिमों बिकिंडी. रवांडातल्या वंशसंहारासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला वंशसंहाराच्या प्रत्यक्ष आणि जाहीर चिथावणीबद्दल दोषी ठरवलं आणि १५ वर्षांची शिक्षा दिली, ती या रस्त्यावरच्या बोलण्यासाठी. खटल्याची मोठी जागा ज्या तीन गाण्यांनी व्यापली होती, त्यांपैकी एकाहीसाठी त्याला शिक्षा झाली नाही.

राजकीय प्रचारासाठी कला राबवणाऱ्याची जबाबदारी किती, हा वाद बहुतेक वेळा हवेतच राहतो. एक बाजू म्हणते, कलाकाराने फक्त कला केली. दुसरी म्हणते, त्याचेही हात रक्ताने माखलेले आहेत. बिकिंडी प्रकरणाचं मोल असं की इथे तीन न्यायाधीशांना गाण्यांच्या ओळी समोर ठेवून, भाषांतरावर वाद ऐकून, ठरवावं लागलं की गाणं म्हणजे नेमकं काय कृत्य. त्यांचं उत्तर मला अर्धवट पटतं. कुठे पटतं आणि कुठे नाही, ते गाण्यांपासूनच सांगायला हवं.

गायक

बिकिंडीचा जन्म १९५४ चा, गिसेन्यी प्रांतातल्या रवेरेरेचा. म्हणजे तो रस्ता त्याच्याच मुलखातला. तो युवक खात्यात सरकारी नोकर होता आणि 'इरिंदिरो' नावाचा नृत्य-गायनाचा ताफा चालवायचा. लोकपरंपरेतल्या चाली, समूहस्वर, आणि त्याला आधुनिक वाद्यांची जोड. किन्यारवांडा भाषा ज्याला येत नाही, त्याने ही गाणी ऐकली तर त्याला एक प्रसन्न, ठेका धरायला लावणारा समूह ऐकू येईल. प्रचाराचं गाणं म्हटलं की आपल्याला लष्करी बँड आणि आरोळ्या आठवतात. हे गाणं लग्नातही शोभलं असतं.

देश त्या वेळी कसा होता, ते थोडक्यात. १९५९ च्या हुतू उठावाने तुत्सी राजेशाहीची घडी मोडली, १९६२ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, आणि सत्ता हुतू पुढाऱ्यांकडे आली. हजारो तुत्सी परागंदा झाले. ऑक्टोबर १९९० मध्ये त्यांच्या पुढच्या पिढीने उभारलेल्या रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंटने युगांडातून हल्ला केला. ऑगस्ट १९९३ मध्ये आरुशा इथे सत्तावाटपाचा करार झाला, पण सत्तेतल्या कडव्या गटाला तो नको होता. ६ एप्रिल १९९४ च्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांचं विमान पाडलं गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुमारे शंभर दिवस कत्तल चालली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने सुमारे आठ लाख माणसं मेली, रवांडा सरकारच्या हिशेबाने दहा लाखांहून जास्त. मारले गेलेले बहुतांश तुत्सी, आणि त्यांच्यासोबत या कत्तलीला विरोध करणारे हुतूही.

जुलै १९९३ मध्ये आरटीएलएम नावाचं खाजगी रेडिओ केंद्र सुरू झालं होतं. सरकारी रेडिओच्या तुलनेत हे केंद्र चौकातल्या गप्पांसारखं बोलायचं, विनोद करायचं, आणि मुख्य म्हणजे चांगली गाणी लावायचं. लोक गाण्यांसाठी रेडिओ लावायचे आणि गाण्यांच्या मधे जे बोललं जायचं तेही ऐकायचे. पुढे त्याच आवाजात माणसांची नावं आणि ठिकाणं सांगितली जाऊ लागली.

तीन गाणी

पहिलं, 'त्वासेझेरेये', म्हणजे 'आम्ही निरोप दिला'. निरोप कोणाला, तर राजेशाहीला आणि वेठबिगारीला. हे १९८७ चं गाणं, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं. कोणत्याही देशात असा प्रसंग आला की असं एक गाणं होतंच. त्या वर्षी त्याच्याकडे बोट दाखवायला कोणी गेलं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

दुसरं 'नांगा अबाहुतू', 'मला हुतूंचा तिटकारा आहे'. हे १९९३ चं. नाव वाचून माणूस गोंधळतो, कारण गायक हुतू आणि ऐकणारेही हुतूच. पण गाण्याची चलाखी तिथेच आहे. तिटकारा सगळ्या हुतूंचा नाही. जे आपलं हुतूपण विसरले, जे दुसऱ्या हुतूला खाली बघतात, जे हावरट आहेत, जे फितूर होतात, त्यांचा. शत्रूवर एक शब्दही खर्च न करता गाणं पुढे जातं. घरातल्या फितुराला शिव्या घालायच्या, म्हणजे तो कोणाला फितूर झाला हे ऐकणारा आपसूक मनात भरतो. शत्रूचं नाव श्रोत्याने स्वतः भरलेलं असतं, त्यामुळे ते त्याला स्वतःचं मत वाटतं. शिवाय मवाळ हुतूची जागाही या गाण्याने काढून घेतली: शेजाऱ्याशी नीट वागणारा माणूस आता भला राहिला नाही, हावरट ठरला.

तिसरं 'बेने सेबाहिंझी', 'शेतकऱ्यांच्या बापाची लेकरं'. हेही १९९३ चं. इथे नावातच फाळणी आहे. हुतू म्हणजे शेती करणारे आणि तुत्सी म्हणजे गुरं राखणारे, ही जुनी विभागणी. एका देशातल्या, एक भाषा बोलणाऱ्या लोकांपैकी काहींना एका बापाची लेकरं म्हटलं की उरलेले आपोआप दुसऱ्या बापाचे होतात. गाणं १९५९ चा उठाव आणि त्याची कमाई जपायला सांगतं. म्हणजे ज्या महिन्यांत सत्तावाटपाची बोलणी चालली होती, तेव्हा हे गाणं म्हणत होतं की वाटून घेण्यासारखं काही नाही, राखण्यासारखं आहे.

तिन्ही गाण्यांत कुठेही 'मारा' हा शब्द नाही. बचाव पक्षाची सगळी इमारत यावर उभी होती: ही गाणी शांतता, लोकशाही आणि एकजुटीची आहेत, त्यांचा कोणी दुरुपयोग केला तर गायक काय करणार. भाषेच्या जाणकारांनी दोन्ही बाजूंनी ओळींचा कीस काढला, कारण किन्यारवांडातलं आडवळणाचं बोलणं, रूपक आणि सूचकता, परक्या न्यायाधीशांना उलगडून सांगावी लागत होती. मला यातली एक गोष्ट बोचते. ज्या कसबासाठी कवीला दाद मिळते, म्हणजे न बोलता बोलणं, तेच कसब न्यायालयात त्याची ढाल झालं.

न्यायालयाने काय म्हटलं

बिकिंडीला १२ जुलै २००१ रोजी नेदरलँड्समध्ये लायडन इथे अटक झाली. मार्च २००२ मध्ये त्याला टांझानियातल्या आरुशा इथल्या न्यायाधिकरणाकडे आणलं. खटला सप्टेंबर २००६ मध्ये उभा राहिला आणि २ डिसेंबर २००८ रोजी निकाल आला. सहा आरोपांपैकी पाचांतून तो सुटला. मार्च २०१० मध्ये अपिलातही शिक्षा कायम राहिली.

गाण्यांबाबत निकालपत्र जे म्हणतं, ते दोन पायऱ्यांवर उभं आहे. पहिली पायरी गायकाला सोडत नाही. गाण्यांनी देशाचा इतिहास वाकवून हुतू एकजुटीचा गौरव केला, आणि 'नांगा अबाहुतू' व 'बेने सेबाहिंझी' ही दोन गाणी त्याने हुतू विचारसरणी आणि तुत्सीविरोधी प्रचार पसरवण्याच्या, म्हणजे वांशिक द्वेषाला खतपाणी घालण्याच्या हेतूनेच रचली, असं न्यायाधीशांनी नोंदवलं. १९९४ मध्ये रेडिओवर ही गाणी वाजली आणि रवांडाच्या मौखिक परंपरेत, त्या केंद्राच्या लोकप्रियतेमुळे, त्यांनी वंशसंहाराला जोर दिला, हेही मान्य केलं. गाणं हे कधीच चिथावणी ठरू शकत नाही, अशी पळवाट त्यांनी ठेवली नाही. संदेश आणि परिस्थिती पाहून तेही ठरू शकतं, असं सांगितलं.

दुसऱ्या पायरीवर गायक सुटतो. द्वेष पसरवण्याचा हेतू सिद्ध झाला, पण विशिष्टपणे वंशसंहार घडवण्याच्या हेतूने गाणी रचली असं संशयापलीकडे सिद्ध झालं नाही. १९९४ मध्ये ती वाजवण्यात त्याचा हात होता, हेही सिद्ध झालं नाही. एप्रिलच्या सुरुवातीला तो देशाबाहेर गेला होता आणि जूनमध्ये परतला, म्हणजे गाणी सर्वांत जास्त कामी आली तेव्हा गायक तिथे नव्हता. वर न्यायाधिकरणाचा अधिकार फक्त १ जानेवारी ते ३१ डिसेंबर १९९४ एवढ्याच काळावर, आणि गाणी त्याआधीची.

कायद्याच्या चौकटीत हा निकाल मला चूक वाटत नाही. उलट, तो न्यायाधीशांच्या संयमाचा आहे. एवढ्या मोठ्या हत्याकांडानंतर एखाद्या गायकाला गाण्यासाठी लटकवणं फार सोपं होतं, आणि टाळ्याही मिळाल्या असत्या.

मागच्या दाराने

पण शिक्षा ठरवताना न्यायाधीशांनी एक गोष्ट शिक्षा वाढवणारी म्हणून धरली: समाजातलं त्याचं वजन. नावाजलेला गायक, लोकांच्या लेखी पक्षातलं आणि टोळ्यांतलं बडं प्रस्थ, आणि त्याने आपलं हे वजन चिथावणीसाठी वापरलं.

आता हे वजन आलं कुठून? खात्यातल्या नोकरीतून तर नक्कीच नाही. ते आलं गाण्यांतून. म्हणजे ज्या गाण्यांना न्यायालयाने पुढच्या दाराने आत घेतलं नाही, ती शिक्षेच्या खोलीत मागच्या दाराने आली. हा निकालाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. मला तर हीच या प्रकरणातली सर्वांत प्रामाणिक जागा वाटते, कारण कलाकाराची जबाबदारी नेमकी कुठे असते ते इथे, जवळजवळ न बोलता, मान्य झालं आहे.

कोणी अनोळखी माणूस भोंगा घेऊन त्याच रस्त्याने गेला असता, तर ऐकणाऱ्यांनी आधी विचारलं असतं, हा कोण? बिकिंडीबद्दल ते विचारावं लागत नव्हतं. त्याचा आवाज लोकांना सात-आठ वर्षांपासून ओळखीचा होता, सणासमारंभातला होता. प्रचाराची कला ओळी लोकांपर्यंत पोचवते, आणि सोबत एक आवाज विश्वासाचा करून ठेवते. हा विश्वास बँकेतल्या ठेवीसारखा साठतो आणि कलाकाराला तो कधी, कशासाठी काढायचा हे ठरवता येतं. बिकिंडीने तो जून १९९४ मध्ये, सुमारे तीन मिनिटांच्या गाण्यापेक्षाही कमी शब्दांत, काढला.

त्या रस्त्यावरच्या बोलण्याने मागच्या गाण्यांचा अर्थही मागे जाऊन बदलतो, असं मला वाटतं. न्यायालय तसं करू शकत नव्हतं आणि केलंही नाही. १९९३ च्या मनातलं १९९४ च्या तोंडातून सिद्ध करणं धोक्याचं असतं. पण नैतिक हिशेब मांडणाऱ्याला ती बंधनं नाहीत. माझी गाणी शांततेची होती, असं म्हणणाऱ्या माणसाने, ती गाणी लावलेल्या ताफ्यातून, स्वतःच्या गाण्यावर स्वतःच भाष्य केलं. त्याहून अधिकृत भाष्य कोणतं?

रस्ता नसता तर

तरीही प्रकरण इथे मिटवणं म्हणजे स्वतःची सोय बघणं होईल. कल्पना करा की तो जूनमध्ये परतलाच नसता. युरोपातच राहिला असता, भोंगा हातात घेतला नसता. मग कायद्याने तो पूर्ण निर्दोष, आणि बहुतेक प्रचारक कलाकार याच जागी असतात. भोंगा हातात घेण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही, ते काम दुसरे करतात.

या कल्पनेतल्या बिकिंडीवर मी खुनाचा ठपका ठेवणार नाही. 'गाण्याने माणसं मारली' हे वाक्य मला आवडत नाही. मारणाऱ्याच्या हातातला कोयता त्यात अदृश्य होतो, आणि मारणाऱ्याला एक सबब मिळते. पण दोन गोष्टींचा जाब मी त्याला विचारीन.

पहिली, १९९३ सालची. देशात युद्ध चालू आहे, करार होतोय, टोळ्या बांधल्या जातायत, आणि तू बसून अशा ओळी रचतोस ज्यांत शेजाऱ्याशी बरा वागणारा माणूस हावरट ठरतो. ओळ जुळवताना कोणता शब्द टाळायचा आणि कोणता श्रोत्यावर सोडायचा, हे तुला इतकं नेमकं कळतं, तर श्रोता तिथे काय भरणार हे कळत नव्हतं, हे कसं मानायचं? न्यायालयाने द्वेषाचा हेतू सिद्ध मानला, म्हणजे कोणी मानेवर सुरी ठेवून लिहून घेतलं, ही सबबही उरत नाही. जर्मनीत दिग्दर्शक फाइट हार्लान याच्यावर ज्यूद्वेषी चित्रपटासाठी मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा खटला चालला आणि १९५० मध्ये तो दुसऱ्यांदा सुटला. तिथे निदान, नाझी प्रचारमंत्र्याने सक्ती केली, हा युक्तिवाद कामी आला होता.

दुसरी गोष्ट एप्रिल १९९४ ची, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. गाणं एकदा बाहेर गेलं की ते लोकांचं होतं, असं म्हणतात. 'त्वासेझेरेये'च्या बाबतीत ते खरंही आहे. १९८७ मध्ये रचलेलं स्वातंत्र्याचं गाणं सात वर्षांनी कोणत्या कामाला जुंपलं जाईल हे कोणालाच सांगता आलं नसतं. पण आपलं गाणं कुठल्या रेडिओवर, कशाच्या आगेमागे वाजतंय हे कळल्यावर गायकाकडे एक वाक्य उरतं: हे माझ्या नावावर वाजवू नका. ते वाक्य कोणी ऐकलं असतं की नाही, हा वेगळा प्रश्न. त्याने रेडिओ थांबला नसता. पण ज्याचा आवाज एवढा वजनदार की त्यापायी शिक्षा वाढली, त्याच्या नकारालाही तेवढंच वजन असतं. रचतानाच्या निष्काळजीपणाला मी काही सूट देईन. वाजताना ऐकून गप्प राहण्याला देणार नाही.

उलटी बाजू

इथे कोणी मला अडवेल, आणि अडवावंच. श्रोत्याने काय भरलं यासाठी कवीला जाब विचारायचा म्हटलं, तर प्रत्येक सरकार खूश होईल. सूचकता हा दुबळ्यांचाही मार्ग असतो. ज्याला उघड बोलता येत नाही तोच रूपकात बोलतो.

याचं उदाहरण शोधायला रवांडाबाहेर जावं लागत नाही. किझितो मिहिगो हा भक्तिगीतं गाणारा लोकप्रिय गायक, स्वतः वंशसंहारातून वाचलेला तुत्सी. सलोख्याची गाणी गात असल्याने वंशसंहारानंतर सत्तेत आलेल्या पॅट्रिऑटिक फ्रंटच्या सरकारच्या मर्जीतला. २०१४ मध्ये त्याने एक गाणं केलं, ज्यात वंशसंहाराच्या बळींसोबत सूडात मारल्या गेलेल्यांसाठीही प्रार्थना होती. एप्रिल २०१४ मध्ये त्याला अटक झाली, फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकारविरुद्धच्या कटाच्या आरोपाखाली १० वर्षांची शिक्षा झाली, २०१८ मध्ये माफी मिळाली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा अटकेत असताना पोलीस कोठडीत त्याचा मृत्यू झाला. पोलिसांनी आत्महत्या म्हटलं. मानवाधिकार संघटनांनी शंका घेतली. त्याच देशाचा 'वंशसंहाराच्या विचारसरणी'विरुद्धचा २००८ चा कायदा इतका मोघम होता की त्यात काहीही बसवता येतं, अशी टीका आंतरराष्ट्रीय संघटनांनी केली.

म्हणून न्यायाधीशांनी गाण्यांवर शिक्षा टाळली, याचं मला हायसं वाटतं. मिहिगोच्या गाण्याचा अर्थ सरकारने भरला, बिकिंडीच्या गाण्यांचा टोळ्यांनी, आणि फौजदारी कायद्याकडे या दोघांत फरक करणारी चाळणी फार जाड आहे. फरक आहेच. एकाने मेलेल्यांची यादी वाढवून त्यात सगळ्यांना घेतलं, दुसऱ्याने जिवंतांच्या यादीतून शेजाऱ्याला वगळलं. पण तो फरक ऐकणाऱ्याने, समीक्षकाने, सहगायकाने, वाद्य वाजवणाऱ्याने ओळखायचा असतो. इरिंदिरोतल्या समूहस्वराबद्दल कोणी फारसं बोलत नाही, हे मला नेहमी खटकतं. ठेका एकट्या माणसाने धरलेला नव्हता.

बिकिंडीची शिक्षा अटकेच्या तारखेपासून मोजली गेली आणि २०१६ मध्ये संपली. ती त्याने बेनिनमध्ये भोगली, आणि तिथेच डिसेंबर २०१८ मध्ये तो वारला. गाणी अजूनही इंटरनेटवर मिळतात. किन्यारवांडा न येणारा एखादा माणूस चुकून तिथे पोचला, तर पहिल्या मिनिटात तो बहुधा पायाने ताल धरेल.